सगळी गाणी एकसारखीच आहेत हो!

पत्र:

आमच्या सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी श्रवणवर्ग भरतो. पंचवीस-तीस माणसं येतात. निवृत्त शिक्षक, दोन डॉक्टर, एक तबलजी काका, कॉलेजची चार-पाच पोरं. कधी ख्याल, कधी गझल, कधी नाट्यसंगीत. गेल्या महिन्यात पाळी माझी होती. पंधरा वर्षं मी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकते, त्यामुळे जीव ओतून तयारी केली. १९२० पासून १९६० पर्यंत क्रमवार एकोणीस गाणी, चाळीस स्लाइड, दोन तास. चहाला उठलेली निम्मी माणसं परत आलीच नाहीत. एक काकू म्हणाल्या, "सगळी गाणी एकसारखीच आहेत हो, आणि प्रत्येक जण तीच ओळ दोनदा म्हणतो." तबलजी काका म्हणाले, "हा गिटारवाला मात्रा खातो." भाचा म्हणाला, "मावशी, रडगाणी आहेत ही. आणि खरखर किती!" पुढच्या महिन्यात मला पुन्हा पाऊण तास मिळाला आहे, बहुधा दया येऊन. आता काय ऐकवू? रॉबर्ट जॉन्सनपासूनच सुरुवात करायला हवी ना? की इंग्लंडच्या रॉक बँडवाल्यांनी गायलेली तीच गाणी आधी लावून मग मुळाकडे जाऊ? आणि गुलामगिरीचा इतिहास किती सांगायचा?

– एक हिरमुसलेली ब्लूजवेडी, सांगली

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचून हसलो, पण तुम्हाला नाही, स्वतःला. हे सगळं माझंही करून झालं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भाऊबीजेला घर भरलेलं असताना मी मोठ्या हौसेने चार्ली पॅटन लावला होता. मिसिसिपीच्या डेल्टातल्या गायकांमधला हा थोरला, आणि तबकडी १९२९ सालची. अर्ध्या मिनिटात स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "अहो, ते स्टेशन आधी नीट लावा की!"

वहिनींचं काही चुकलं नव्हतं. पॅटनची ती गाणी पॅरामाउंट नावाच्या कंपनीने काढली, आणि ती कंपनी होती विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. फोनोग्राफची लाकडी कपाटं खपावीत म्हणून त्यांनी तबकड्यांच्या धंद्यात हात घातला. माल हलका वापरला. मूळ साचे पुढे बहुतेक भंगारात गेले, आणि उरल्या त्या लोकांनी वाजवून वाजवून झिजवलेल्या तबकड्या. तुम्हाला-मला ती खरखर आता ऐकूच येत नाही, कारण आपण तिच्या पलीकडे ऐकायला शिकलो. नव्या माणसाला आधी तीच ऐकू येते, आणि पाचव्या गाण्यापर्यंत फक्त तीच ऐकू येते. तेव्हा भाच्यावर रागावू नका. पाऊण तासाच्या कार्यक्रमात पॅटन नको, आणि त्याच काळातला दुसरा गायक, १९३१ चा स्किप जेम्सही नको. तो मला जिवापाड आवडतो, तरीही नको.

पण तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात मोलाची वाक्यं काकूंची आणि तबलजींची आहेत. तुम्हाला ती टीका वाटली. मला वाटतं, त्या दोघांनीच कान देऊन ऐकलं. बाकीचे भद्रतेने बसले होते. काकूंना नेमकं कळलं की ओळ दोनदा येते. मग अडलं कुठे? दुसऱ्यांदा ती का येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुम्ही चाळीस स्लाइड दाखवल्यात, त्यात ही एक गोष्ट राहिली असावी.

आणि ही तर त्यांना सांगायला सगळ्यात सोपी गोष्ट. तुमच्या हॉलमधली माणसं एका बंदिशीच्या एका ओळीवर पाऊण पाऊण तास बसतात. तोच मुखडा विसाव्यांदा आला तरी "तेच तेच काय" असं म्हणत नाहीत. या वेळी समेवर कसा आला, शब्द कुठे तोडला, कुठला स्वर किंचित खाली ठेवला, याच्यावर त्यांची मान हलते. ब्लूजमधलं दुसऱ्यांदा म्हणणं हे त्याच जातीचं आहे. पहिली ओळ गाणारा टाकतो. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा खाली गिटारने जागा बदललेली असते, त्यामुळे शब्द तेच राहून त्यांचा रंग पालटतो. तिसऱ्या ओळीत त्या दोघींचं उत्तर येतं, यमक जुळवून. मुळात हे जागच्या जागी रचत जायचं गाणं, त्यामुळे दुसरी ओळ म्हणेपर्यंत गाणाऱ्याला तिसरी सुचायला सवडही मिळते. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने पुढे आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. १९०३ च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटविलर स्टेशनवर उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत तो पेंगत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घसटत गात होता. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी निघालोय, एवढंच. ती एकच ओळ तो तीनदा म्हणत होता, आणि हँडीच्या शब्दांत, इतकं विलक्षण संगीत त्याने कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे काकूंना जे खटकलं, त्यानेच हँडी जागा झाला.

तबलजी काकांसाठी हिशेब असा मांडा. चार मात्रांचा एक खंड, चार खंडांची एक ओळ, तीन ओळींचं एक कडवं. एकूण ४८ मात्रांचं आवर्तन. प्रत्येक ओळीत गाणारा साधारण अर्धीच जागा भरतो, उरलेली वाद्याला सोडतो. आणि हो, काका खरं बोलले. एकटा गाणारा-वाजवणारा डेल्टाचा माणूस मात्रा खातो, कधी दोन जास्तीच्याही वाढतो. संगतीला कुणी नसलं की ओळ संपेल तेव्हा आवर्तन संपतं. काकांना हे कबूल करून टाका, आणि घरी ऐकायला जॉन ली हूकरचं १९४८ चं 'बूगी चिलन' द्या. गळा, गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय, एवढंच. हा माणूस पुढे बँडबरोबर वाजवू लागला तेव्हा त्याच्या साथीदारांना घाम फुटायचा, कारण हा कधी वळेल याचा नेम नसे. तबलजींना यात मजा आली नाही तर मी कान पकडीन.

आता काय ऐकवायचं ते. एकोणीस नाही, सहा. सातवं खिशात ठेवा.

सुरुवात केसरबाई केरकरांपासून करा. तुम्ही बरोबर वाचलंत. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली हे तुमच्याकडच्या बहुतेकांना ठाऊक असणार, आणि तीत केसरबाईंची 'जात कहां हो' ही भैरवी आहे हेही. पण त्या तबकडीवर केसरबाईंच्या लगेच नंतर कोण आहे, हे मराठी माणूस सहसा विचारत नाही. नंतर आहे ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासचा आंधळा गायक, रस्त्याच्या कोपऱ्यांवर देवाची गाणी गाणारा. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये त्याने 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' हे ध्वनिमुद्रण केलं. गेथसेमनीच्या बागेतल्या येशूच्या रात्रीवरचं जुनं भजन, पण याच्या तोंडी त्यातला एकही शब्द नाही. नुसती गुणगुण, कण्हल्यासारखी, आणि गिटारवर घसटत जाणारा स्वर. भैरवी साडेतीन मिनिटांची, हे सव्वातीन मिनिटांचं. दोन्ही सलग लावा, मध्ये एक अक्षर बोलू नका. शब्द नाहीत म्हणून भाषेची अडचण नाही, आणि तारेवरची मींड तुमच्या माणसांना शिकवायला लागत नाही. विविध भारतीवर हवाईयन गिटारवरची सिनेमाची गाणी ऐकत मोठी झालेली पिढी आहे ती. खरखर इथेही आहे, पण तीन मिनिटं चालेल. आधी केसरबाईंना त्याच खरखरीतून ऐकलेलं असतं, त्यामुळे कान तयार होतो.

कुणी पंडित म्हणेल की हे ब्लूज नव्हेच, हे धार्मिक गाणं. खरं आहे. लोक ब्लूजला सैतानाचं गाणं म्हणायचे तो काळ, आणि विली जॉन्सनने स्वतःला ब्लूजवाला म्हणवून घेणं कठीणच. तरी मी सुरुवात इथूनच करीन. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या. दुसरं यान सुटून तेव्हा अकरा दिवस झाले होते. हे सांगायचं असेल तर दोन्ही ध्वनिमुद्रणं संपल्यावर सांगा, आधी नको. आधी सांगितलंत की माणसं गाणं ऐकत नाहीत, हळहळतात.

तिसरं, बेसी स्मिथ. 'सेंट लुईस ब्लूज', १४ जानेवारी १९२५. हँडीचीच रचना, १९१४ ची. या ध्वनिमुद्रणात फक्त तीन माणसं आहेत. बेसी गाते, तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकायचं वाद्य) वाजवतो, आणि फ्रेड लाँगशॉ चक्क हार्मोनियम वाजवतो! संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या कुळातलं ते वाद्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पडदा वर जातोय आणि आता नांदी सुरू होणार. तुमच्या हॉलमध्ये नाट्यसंगीताचे कान आहेत, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं दार मला ठाऊक नाही.

आणि ओळ दोनदा का, हे इथेच समजावा, एकदाच, गाणं लावायच्या आधी. संध्याकाळचा सूर्य मावळताना मला बघवत नाही, असं ती म्हणते. पुन्हा तेच म्हणते. मग उत्तर येतं, की तो मावळताना पाहिला की वाटतं, आता ही आपली शेवटचीच फेरी. एवढं मराठीत सांगा आणि म्हणा, 'ती थांबली की आर्मस्ट्राँग काय बोलतो ते ऐका.' प्रत्येक ओळीच्या शेवटी बेसी जागा सोडते आणि कॉर्नेट ती भरतो, चांगल्या पेटीवाल्याने गायिकेच्या मागे जावं तसा. दुसरी गंमत गंधाराची. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो. पियानोच्या पट्टीवर तो सापडत नाही, गळ्यात आणि ताणलेल्या तारेत सापडतो. इथे तर खाली पेटी आपले ठाम स्वर धरून बसली आहे आणि बेसी त्यांच्या फटींतून वाट काढते. कुणीतरी नक्की म्हणेल, 'जोगसारखं वाटतं.' जोगमध्ये दोन्ही गंधार लागतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. मान डोलवा आणि पुढे चला. जोग म्हणजे ब्लूज किंवा ब्लूज म्हणजे जोग, या वादात एकदा हॉल शिरला की पाऊण तास गेलाच.

बेसीनंतर हॉलला थोडी सावली हवी, म्हणून चौथा मिसिसिपी जॉन हर्ट. याचा आवाज म्हणजे दुपारच्या जेवणानंतर ओट्यावर बसून बोलणाऱ्या आजोबांचा. हळू, गोड, कुणालाही न दटावणारा. आणि गिटार दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं, कारण अंगठा खालचा ठेका धरतो आणि बोटं वर चाल गातात. याची गोष्ट मात्र सांगाच. १९२८ मध्ये त्याने ओके कंपनीसाठी मोजकी गाणी गायली, ती फारशी खपली नाहीत, आणि हर्ट आपल्या गावी परतून शेतमजुरी करू लागला. त्यातल्या एका गाण्यात त्याने म्हटलं होतं, ॲव्हलॉन माझं गाव, ते कायम मनात असतं. पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, टॉम हॉस्किन्स नावाच्या एका वेड्या चाहत्याने ते ऐकलं, जुन्या नकाशात ॲव्हलॉन शोधलं आणि थेट तिथे जाऊन धडकला. हर्ट जिवंत होता. सत्तरीचा, गुरं राखत होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो लोकांसमोर बसून गायला. आणखी तीन वर्षं जगला, आणि या काळात त्याची उत्तम, स्वच्छ ध्वनिमुद्रणं झाली.

तुमच्या उपयोगाची किल्ली इथे आहे. १९६० च्या दशकात असे बरेच म्हातारे 'सापडले'. त्यांची त्या काळातली ध्वनिमुद्रणं घ्या. गळा थकलेला असेल, पण खरखर नाही आणि शब्द कळतात. एकाच गायकाचं एकच गाणं तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने दोनदा मुद्रित झालेलं असतं, तेव्हा लावायच्या आधी साल तपासा. हर्टचं 'लुई कॉलिन्स' लावा, साठच्या दशकातलं. मुलगा मारला गेलाय, आई रडतेय, आणि चाल अंगाईसारखी. भाच्याचा 'रडगाणं' हा शब्द इथे आपोआप गळून पडतो, कारण रडणाऱ्यावर गाणं असलं तरी गाणारा रडत नाही.

पाचवं गाणं तुमच्या गावासाठी आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या नवरा-बायकोचं, १९२९. गातो तो, पण गिटारमधला जीव तिचा आहे. पाऊस असाच लागून राहिला तर बांध फुटणार, पुन्हा तेच, आणि मग आपल्याला थारा उरणार नाही. हा १९२७ चा मिसिसिपी नदीचा पूर. त्या एप्रिलमध्ये ग्रीनव्हिलजवळ बांध फुटला आणि लाखो माणसं उघड्यावर आली. कृष्णवर्णीय मजुरांना बंदुकीच्या धाकावर बांधावर राबवलं गेलं, आणि नंतर छावण्यांमध्ये अडकवून ठेवलं गेलं, कारण मजूर निघून गेले तर कापूस वेचणार कोण, ही जमीनमालकांची काळजी होती. सांगलीच्या हॉलमध्ये २०१९ चा ऑगस्ट विसरलेलं कुणी नसेल. माडीवर अडकून, जिन्याची एकेक पायरी बुडताना मोजलेली माणसं तिथे बसलेली असतील. त्यांना पुराची ओळख करून द्यायला लागणार नाही. फक्त बंदुकीची गोष्ट सांगा, म्हणजे कृष्णेचा पूर आणि तो पूर यात फरक कुठे, हेही त्यांना कळेल. आणि एक ऐकायला सांगा. या गाण्याची चाल उदास नाही, चांगली पळती आहे. कॉलेजच्या पोरांपैकी कुणीतरी उठून म्हणेल की हे तर लेड झेपलिन या इंग्लंडच्या रॉक बँडचं गाणं. त्यांनी १९७१ मध्ये ते घेतलं, हे त्यालाच सगळ्यांना सांगू द्या.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. रॉकवाल्यांपासून सुरुवात करू का? ज्याच्या कानात रॉक आधीच आहे त्याच्यासाठी जरूर करा. त्याला आवडतं ते गाणं घ्यायचं आणि एक पायरी मागे न्यायचं. तुमच्या भाच्याला घरी धरा, निर्वाणा या रॉक बँडचा १९९३ चा तो वीज-विरहित वाद्यांवरचा कार्यक्रम त्याने ऐकलेलाच असेल. शेवटी त्यांचा गायक कर्ट कोबेन किंचाळतो ते 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट' त्याने लेड बेलीकडून घेतलं. बारा तारांची गिटार वाजवणारा लुइझियानाचा हा दांडगा गडी. त्याचं ऐकवा आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जा. पण निवृत्त शिक्षकांना आधी क्रीम हा इंग्लंडचा बँड, मग त्याचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन, मग मूळ, असा वळसा कशाला? मुंबईहून सांगलीला यायला कुणी नागपूरमार्गे निघतं का? ज्यांनी रॉक ऐकलेलंच नाही ते खरं तर नशीबवान. त्यांच्या आणि बेसीच्या मध्ये कुणी उभंच नाही.

सहावं, सन हाउस. 'ग्रिनिन इन युअर फेस', १९६५. गिटार नाही, काही नाही. एक साठी ओलांडलेला माणूस टाळ्या वाजवत गातो. लोक तोंडावर हसतात, मागे काहीही बोलतात, मनाला लावून घेऊ नकोस, खरा मित्र मिळणं कठीण. दोन मिनिटांत संपतं. टाळी जरा डुलत, आपल्याच मर्जीने पडते, आणि तबलजी काका पुन्हा काहीतरी म्हणतील. म्हणू द्या. तुमच्याकडे भजनाला बसणारी माणसं असतील तर याला प्रस्तावना लागणार नाही. मी एकदा हे एका वारकरी गृहस्थांना ऐकवलं. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा लावा." इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता.

इथे थांबा. हॉल जागा असेल आणि घड्याळात पाच मिनिटं असतील, तर खिशातलं सातवं काढा. मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन', १९५४, शिकागो. हाच माणूस १९४१ मध्ये मिसिसिपीत एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा, तिथे लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने त्याला ध्वनिमुद्रित केलं. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून गिटारला वीज जोडली. गाणं म्हणजे निव्वळ फुशारकी. मी सातव्या महिन्यात सातव्या दिवशी सातव्या तासाला जन्मलो, सात डॉक्टर म्हणाले पोरगं भाग्यवान. सगळा बँड एकदम वाजतो, एकदम थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत हा बढाई मारतो. पाय हलले नाहीत तर तपासून घ्या. विली डिक्सनच्या या शब्दांमध्ये चावटपणाही आहे, त्याचं भाषांतर करत बसू नका. लावणी ऐकलेल्या माणसांना काय ते कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांचंही नुकसान होत नाही. बायका जास्त असतील आणि हॉल शांत, गंभीर झाला असेल, तर त्याऐवजी बी. बी. किंगचं 'द थ्रिल इज गॉन' लावा. १९६९ ची ध्वनिमुद्रिका. ४८ मात्रांचंच आवर्तन, पण कोमल गंधाराचं, त्यामुळे आपल्या कानाला लगेच जवळचं वाटतं. त्यात एकच गोष्ट टिपायला सांगा. किंग गातो तेव्हा त्याची गिटार गप्प असते, आणि गिटार बोलते तेव्हा तो गप्प.

रॉबर्ट जॉन्सन यात नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याची एकूण २९ गाणी, सॅन अँटोनियो आणि डॅलस इथल्या दोन बैठकींत, १९३६-३७ मध्ये मुद्रित झालेली. १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. माझाही तो लाडका आहे. पण त्याचं नाव काढलं की चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकल्याची कथा काढावीशी वाटते, आणि ती काढली की गाणं मेलं. लोक गिटारमध्ये सैतान शोधू लागतात. गंमत म्हणजे ही कथा आधी टॉमी जॉन्सन या वेगळ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली. आणि 'क्रॉस रोड ब्लूज' नीट ऐका, त्यात सैतान कुठेच नाही. एक माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाला म्हणतो, दया कर. येणाऱ्या गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही, ओळखत नाही. आणि सूर्य बुडत चाललाय. त्या काळच्या मिसिसिपीत अनोळखी गावाजवळ अंधार पडल्यावर एकट्या कृष्णवर्णीय माणसाला काय होऊ शकत होतं, हे कळलं की सैतानाची गरजच उरत नाही. हे गाणं पुढच्या खेपेला, एकटंच. आधी पाच मिनिटं बोला, मग तीन मिनिटं गाणं.

इतिहासाचं माप यावरूनच ठरवा. ज्या गाण्याला जेवढा लागतो तेवढाच. फक्त एक दुरुस्ती तुमच्या पत्रातली. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, आणि ब्लूज आकाराला आला त्यानंतर तीसेक वर्षांनी. तेव्हा हे गुलामांचं गाणं नव्हे, कागदावर मोकळ्या झालेल्यांच्या मुला-नातवंडांचं आहे. वाट्याने जमीन कसायची, बी-बियाणं आणि पीठ-मीठ मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचं, आणि हंगामाच्या शेवटी मालकाने वही उघडून सांगायचं की अजून तूच देणं लागतोस. हे सांगताना 'म्हणजे आपली जात्यावरची ओवीच' असं मात्र म्हणू नका. जिभेवर येईल, माझ्याही येतं. कष्ट करता करता गाणं दोन्हीकडे आहे, एकीची ओळ दुसरीने उचलणं दोन्हीकडे आहे. पण ओवीवालीला गाव सोडून रातोरात शिकागोची गाडी पकडायची नव्हती. साम्य हॉलला आपणहून सापडू दे. सापडलेलं टिकतं.

व्यवस्थेचं थोडं. यातली जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवरची, आहेत, त्यामुळे दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवण्यापेक्षा एक चांगला स्पीकर समोर ठेवा. वरच्या पट्टीचा आवाज किंचित उतरवला की खरखर बसते, खालचा मात्र फुगवू नका. स्लाइड एकही नको. गाणं चालू असताना 'आता ऐका हं, आता येईल' असं म्हणायचं नाही. हे मला फार जड जातं, तुम्हालाही जाईल, म्हणून हातात पाण्याची बाटली धरून बसा. आणि चहा सगळ्यात आधी देऊन टाका, मध्ये नको.

हूकर ऐकल्यावर तबलजी काका काय म्हणाले, तेवढं कळवा.